कातडीला नंबर देणारे मामा

माझ्या मामांइतक्या बारकाईने माणसाची कातडी पाहणारा माणूस उभ्या विदर्भात दुसरा नसेल, आणि त्या कातडीच्या आत एक माणूस राहतो हे त्यांच्याइतक्या सहज विसरणाराही नसेल. तुम्ही-आम्ही कोणाकडे गेलो तर तोंडाकडे पाहतो, हसतो, "बरं आहे ना?" असं विचारतो. मामा आधी मनगट धरतात, बाही वर सारतात, कोपरापर्यंत नजर फिरवतात आणि मग कुठे पाणी विचारतात. माझ्या लग्नात सासरेबुवा भेटीसाठी हात पसरून उभे राहिले, तर मामांनी एका बोटाने त्यांची कॉलर खाली केली, मान निरखली आणि माझ्या कानात म्हणाले, "एक नंबर. उन्हाचा हाय. मानूस बांधावर उभा राह्यते, सोयरीक चांगली." सासरेबुवांना अजून वाटतं की आमच्या आजोळी तशी रीत आहे. मीही त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. काय सांगणार होतो? मामांनी तुम्हाला उंदराच्या पट्टीने मोजलं, असं?

मामांचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल आणि सिंदेवाही या गावांच्या मधे, तलावाच्या पाळीला लागून. घराणं तलावात मासे धरणारं. मामा दहावीत दोनदा गटांगळ्या खाऊन वर आले, तेव्हा नागपूरच्या एका संशोधन संस्थेत पांढऱ्या उंदरांची देखभाल करायला माणूस पाहिजे होता. मुलाखतीला आलेल्या तिघा पदवीधरांना उंदीर चावून मोकळे झाले होते. साहेबांनी मामांसमोर पिंजरा उघडला आणि म्हणाले, "उचलून दाखव." आता ज्याने लहानपणापासून बुळबुळीत मरळ मासा हातात धरलाय, त्याला उंदराचं काय कौतुक! दाबायचं नाही आणि सोडायचंही नाही, एवढीच ती विद्या. मामा सांगतात की उंदीर त्यांच्या तळहातावर झोपी गेला. झोपला वगैरे नसेल, मामांना गोष्ट फुगवायची सवय आहे. पण नोकरी लागली हे खरं, आणि ती पस्तीस वर्षं टिकली हेही खरं.

तिथलं काम असं. उंदराच्या पाठीवरचे चार बोटं केस काढायचे, बाकीचं अंग शिशाच्या पत्र्याआड झाकायचं आणि उघड्या तेवढ्या जागेवर किरणं सोडायची. हे साहेबलोक करत. मग रोज ठरल्या वेळी, ठरल्या उजेडात ती जागा पाहून नंबर लिहायचा. ते मामांचं काम. कातडी धडधाकट असली तर शून्य. लाली आली की एक. कोंड्यासारखे पापुद्रे सुटले की दोन. कातडी ओली झाली, पाझरू लागली की तीन. चार म्हणजे जखम. चारबद्दल मामा कधी बोलत नसत, फक्त मान हलवत. मधले अर्धेही होते, दीड आणि अडीच. एकदा तर मामांनी पावणेदोन लिहिला. साहेब खवळले. म्हणाले, "परदेशात पावणेदोन चालत नाही." मामा म्हणाले, "साहेब, उंदीर तं इथलाच हाय." त्यावर मीटिंग झाली, चहा झाला, आणि पावणेदोन रद्द झाला. मामांना आजही वाटतं की त्यामुळे विज्ञानाचं मोठं नुकसान झालं.

या कामातून मामांना एक गोष्ट पक्की कळली होती आणि ती ते कोणालाही, कुठेही, न विचारता सांगत. बसमध्ये शेजारच्याला, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला. "किरन म्हंजे काही आग नाई. हात लावला अन् चटका बसला असं नसते. आज लागते, अन् पंधरा दिवसानं दिसते. तवरिक उंदीर मजेत चने खाते. त्याले वाटते, आपुन सुटलो." ऐकणारा मान डोलवी आणि वरणाची बादली घेऊन पुढच्या पानाकडे पळे.

दुसरा नियम त्याहून कडक. कोणत्या पिंजऱ्याला किती किरणं दिली आणि कोणाला कोणता लेप लावला, हे नंबर देणाऱ्याला कळता कामा नये. त्याची यादी बंद पाकिटात, मोठ्या साहेबांच्या कपाटात. एकदा एका साहेबांनी किरणांनी भाजलेल्या कातडीवर लावायचा लेप शोधून काढला. शोध लागायच्या आधीच त्यांचा परदेशी परिषदेचा पासपोर्ट तयार होता, फक्त लेपाने गुण येणं बाकी होतं. ते संत्र्याच्या बर्फीचा डबा घेऊन मामांकडे आले आणि म्हणाले, "सात नंबरच्या पिंजऱ्याकडे जरा प्रेमानं पाहत जा." मामांनी डबा परत दिला. "सांगून चूक केली साहेब. आता मी सातवा पिंजरा पाहू शकत नाई. दुसरा मानूस द्या." दुसरा माणूस दिला, त्याला उंदीर चावला, आणि मामांना सहा महिने भांडारात झाडू मोजायला बसवलं. साहेब परिषदेला जाऊन आलेच. त्यांच्या लेखात 'निष्कर्ष आशादायक' असं छापून आलं. शेवटच्या ओळीत 'तांत्रिक साहाय्याबद्दल' प्राणीगृहाच्या कर्मचाऱ्यांचे आभार होते, नावं न घेता. मामांनी तेवढं पान काचेत मढवून घरात लावलं आहे. पाहुण्याला बोट ठेवून दाखवतात, "हे मी."

निवृत्त होऊन मामा गावी परतले आणि गावाला एक किरणतज्ज्ञ फुकटात मिळाला. त्याच वर्षी गावात मोबाइलचा मनोरा उभा राहिला. तो सरपंचांच्या वावरात न राहता त्यांच्या चुलतभावाच्या वावरात उभा राहिला, त्यामुळे तो आरोग्याला फार घातक आहे हे सरपंचांच्या ताबडतोब ध्यानात आलं. ते मामांकडे आले. "भाऊ, तुमी तं किरनातले. लिहून द्या का लोकाइची कातडी जळून राह्यली." मामा म्हणाले, "ते किरन येगळे अन् आमचे येगळे. पन पायल्याबिगर मी कायच लिहीत नाई." मग दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरासमोर गावातल्या पुरुषांची उघड्या पाठीची रांग लागली. मामा चष्मा पुसत एकेक पाठ पाहत आणि वहीत लिहीत. महिनाभराने पुन्हा तीच रांग. निकाल लागला. सगळ्या पाठी पहिल्याइतक्याच, फक्त एका पाठीचा नंबर शून्यावरून दोन झालेला, आणि ती सरपंचांची. सरपंचांना केवढा आनंद! "लिवा, लिवा!" मामांनी भिंग लावून पुन्हा पाहिलं आणि भर सभेत जाहीर केलं, "हा मनोरा नाई. हे गजकर्न हाय. बनियन उन्हात वाळवत जा." तेव्हापासून सरपंच मामांच्या घरावरून न जाता लांबून तलावाला वळसा घालतात.

या सगळ्यात एकच कातडी मामांच्या तावडीतून सुटली होती, मामीची. मामी म्हणजे सडपातळ, काळीसावळी, जिभेला धार असलेली बाई. मामांनी हात धरला की ती झटकून टाकी. "मले काय उंदरीन समजता का जी? अंगनात कोंबड्या हायेत, त्याइले द्या नंबर." तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला एक साधा शून्यसुद्धा देऊ दिला नव्हता.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मामीला छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं. मग चंद्रपूरला शेक घ्यायचे ठरले. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, एकूण पंचवीस. दोघं तिथेच माझ्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मामी खोलीत गेली, मामांना आत बोलावलं आणि म्हणाली, "या. पाहा आता. लय दिवस हौस होती ना तुमाले." मामा बाहेर आले तेव्हा त्यांचा चष्मा हातात होता. त्यांनी मला दुकानातून दोनशे पानी वही आणायला लावली.

वहीत त्यांनी पट्टीने साठ रकाने आखले. कारण त्यांचा प्रयोग साठ दिवसांचा असे. रोज सकाळी दहाला, खिडकीच्या उजेडात, मामा पाहत आणि लिहीत. पहिले दहा-बारा दिवस शून्य. मामी खूश. शेक घेऊन येताना भाजी निवडून घेई, माझ्या बायकोला स्वयंपाकातल्या चुका दाखवी. "आज लागते, पंधरा दिवसानं दिसते" हे वाक्य मात्र त्या दिवसांत मामांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मग अर्धा आला, एक आला. बाराव्या शेकाच्या सुमारास दीड आला आणि दीडवरच थांबला. मी रोज वही चोरून पाहत असे. दीड दिसला की मला हायसं वाटे. डॉक्टर आठवड्यातून एकदा तपासत. मधल्या दिवसांत तिथल्या नर्सबाईंनी विचारलं की मामीच्या आधी मामाच सांगत, "सगळं बराबर हाय. दीड." दवाखान्यातले लोक हसत. एवढा हुशार नवरा बाकी कोणत्या पेशंटला मिळाला होता?

आणि मामीची मोठी बहीण आली. ही सिंदेवाहीला दिलेली. आल्या आल्या तिने मामीला पदर सैल करायला लावला, पाहिलं, आणि अशी किंकाळी फोडली की शेजारचे जिन्यात आले. "जाळून टाकलं माह्या बहिनीले! अवं, हे पाझरून राह्यलं! चाल, उठ. नाई पाहिजे याइचा शेक. गावाकडं झाडपाल्याचा मानूस हाय, लेप लावते, आठ दिवसात सुकवते." रिक्षा तिने खाली थांबवूनच ठेवली होती. पिशवीत मामीची लुगडी भरायलाही लागली. सात शेक बाकी होते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मधेच सोडलं तर केलेलं अर्धं वाया जाईल. त्यामुळे मी मामांकडे पाहिलं. म्हटलं, आता मामा वही उघडतील आणि विज्ञान बोलेल.

मामांनी वही उघडली. "दीड हाय," ते म्हणाले. आवाज भिंतीला ऐकू गेला नसता.

"दीड?" मामीची बहीण म्हणाली. तिला दीड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. "दीड असो का साडेसात, कपडा चिकटून राह्यला माह्या बहिनीले, हे दिसत नाई का तुमाले?"

मामी मामांकडे पाहत होती. पस्तीस वर्षं तिने उंदीर आणि नंबर ऐकले होते, तिला तीन म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं. "खरा किती?" तिने विचारलं.

मामा पलंगाच्या कडेला बसले. मग म्हणाले, "तीन. सा दिवस झाले."

"मंग दीड काऊन लिवला?"

"पस्तीस वर्सं मले पिंजरा माहीत नव्हता," मामा म्हणाले. "आता माहीत हाय. डोळ्यानं तीन पायला, अन् हातानं दीड लिवला. तू भेशीन म्हनून. अन् मीच भेलो."

लेपवाल्या साहेबांच्या बर्फीला न बधलेला माणूस! मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. मामी मात्र रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, "तुमाले मालूम हाय का, रोज मी दीड आयकत होती. अन् मनात म्हनत होती, दीडच हाय तं मंग इतकं काऊन जळते? बाकीच्या बाया बेंचावर हासत बसतेत. मले वाटे का मीच लय नाजूक आहो. मीच नाटकं करून राह्यली."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मामीने बहिणीच्या हातातून पिशवी काढून घेतली, पण खाली ठेवली नाही. पिशवी धरूनच तिने विचारलं, "आता खरं सांगा. तीनाचा चार होते का?"

"लपवला तं होते," मामा म्हणाले. "सांगतला तं नाई होऊ देत. पट्ट्या अन् मलम देतेत, दोन-तीन दिवस थांबवतेत. पन शेक संपल्यावरही आठ-दहा दिवस आनखी चिघळते. हे मी तुले सांगतो. त्या दिवसात तुले वाटन का आपली कातडी आता परत येतच नाई. अन् मंग कडेकडेनं येते. नवी, गुलाबी, पातळ. हे मी हजारदा पायलं. याच्यात खोटं नाई."

मामीने पिशवी पलंगाखाली सारली आणि बहिणीला म्हणाली, "बाई, रिक्षा सोडून दे. जेवून जा."

बहीण जेवली नाही. ती मामांना बरंच काही बोलली आणि त्यातलं निम्मं मामांना लागूच होतं. मी तिला दोष देत नाही. त्या घरात त्या दिवशी कातडी कातडीसारखी पाहणारी ती एकटीच होती.

डॉक्टरांनी मामांना खोलीबाहेरही ऐकू येईल असं झापलं. तीन दिवस शेक थांबला, पट्ट्या सुरू झाल्या आणि बाकीचे सात पुरे झाले. नंबर देण्याची पद्धत मामीने बदलली. आता ती स्वतः आरशात पाहून आधी नंबर सांगे, मग मामा त्यांचा सांगत, आणि दोन्ही जुळले तरच वहीत चढे. जुळत कधीच नसत. मामीचा नेहमी अर्ध्याने जास्त. "अडीच." "तीन." "अडीच हाय व, कड सुकली." "माह्या अंगावर हाय का तुमच्या?" दहा ते साडेदहा हे भांडण चाले. माझ्या घरात इतक्या वर्षांत एवढा आनंदाचा कलकलाट कधी झाला नव्हता. शेवटी मामी म्हणेल तो नंबर लागे. मामांनी एकदा हळूच पावणेतीन सुचवला, तर ती चक्क कबूल झाली.

मामा म्हणाले तसंच झालं. शेक संपल्यावर दहा दिवस असे गेले की मामीला पंख्याची झुळूक सहन होत नव्हती. मग कडेने कातडी आली. ती दोघं गावी गेली. वही साठाव्या रकान्यापर्यंत आली तेव्हा मीही मुद्दाम गेलो होतो. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि मामी कोंबड्या हाकलत होती. दहा वाजले तशी दोघं आत गेली. आश्चर्य म्हणजे आतून भांडण ऐकू आलं नाही. मामा बाहेर आले आणि शेवटच्या रकान्यात अर्धा लिहिला. दोघांचाही अर्धाच होता.

मामी मागून आली, वहीत डोकावली. "पान संपलं ना जी. उद्याचा कुठी लिवान?"

मामांनी भरलेल्या रकान्यांवरून बोट फिरवलं. "उद्याचं मले माहीत नाई," ते म्हणाले.

"माहीत नाई म्हंजे? हजारदा पायलं म्हनत होते."

"साठ दिवसच पायलं. साठाव्या दिवसी काम सरे. एकसष्टाव्या दिवसी उंदीर राहत नसे ना. कातडी कापून काचेवर घेत. बरी झालेली असो का नसो. पुढं काय होते, कातडी पक्की होते का, केस येतेत का, हे मी कधी पायलंच नाई. मले कोनी पाहूच नाई देल्लं."

मला वाटलं, आता मामी काहीतरी टोचून बोलेल. ती त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकली, पदर सावरला आणि म्हणाली,

"मंग आता पाहा. मी हावो ना इथी."

मामांनी पट्टी मागितली. मी ती आतून आणून दिली. त्यांनी पान उलटलं आणि नवीन रकाने आखायला घेतले. बराच वेळ ते आखतच होते. किती आखायचे ते त्यांनी कोणाला विचारलं नाही, आणि आम्हीही मोजले नाहीत.